उणे सव्वीस

सोमवारी सकाळी नऊच्या आत टीममधल्या अकरा जणांचे अप्रेझलचे फॉर्म भरून द्यायचे आहेत. आज शनिवार. म्हणजे आत्ता मी तेच करत असायला हवं. त्याऐवजी लॅपटॉपवरच्या जुन्या फायली आवरत बसलोय. (एक काम टाळण्यासाठी माणूस दुसरी किती उपयोगी कामं उरकतो, यावर कधीतरी लिहायला हवं.) आवरता आवरता एक एक्सेल शीट सापडलं. नाव: 'शार्क्स डिफेन्स २०२२-२३ फायनल फायनल २'. उघडलं, आणि मग आवरणं राहिलं. फॉर्म तर राहिलेच.

सॅन होजे शार्क्स या आमच्या गावच्या आइस हॉकी टीमच्या डिफेन्समननी त्या मोसमात काय काय दिवे लावले, त्याचं मी केलेलं मूल्यमापन म्हणजे हे शीट. प्रत्येकाला ग्रेड आणि ग्रेडखाली कारणं. कोणी करायला सांगितलं नव्हतं, कोणाला पाठवायचं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये दोन रविवार खर्च करून मी ते का केलं, हे तेव्हा कळलं नव्हतं. आज वाचताना कळलं. म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या आईला हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतो. आमचं घर खडकीपासून जवळ आणि धनराज खडकीचाच, त्यामुळे तो जवळजवळ घरचाच. सॅन होजेला आल्यावर मी फोनवर सांगितलं, "आज हॉकीच्या मॅचला चाललोय," तर आई म्हणाली, "अरे वा, तिथे पण खेळतात?" म्हटलं, "आई, बर्फावरची." त्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "स्वेटर घाल."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फ. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. एका बाजूचे सहा जण आत: गोलकीपर, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. पळणं इतकं दमवणारं असतं की साधारण पाऊण मिनिट झालं की आतले बाहेर आणि बाहेरचे आत. सामन्याला सहा डिफेन्समन तयार ठेवतात, त्यांच्या तीन जोड्या. पहिल्या जोडीतला माणूस पंचवीस मिनिटं खेळतो, तिसऱ्या जोडीतला पंधराच्या आसपास. गोल केला की एक गुण. त्या गोलाआधी ज्यांनी पास दिला अशा जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक गुण. बस, एवढं पुरे.

आम्ही चौघांनी मिळून एक सीझन तिकीट घेतलं होतं, वाटून जायचो. शेजारच्या सीटवर एक कॅनडियन आजोबा असायचे, मूळचे सस्कॅचेवानचे, अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झालेली. पहिल्या काही सामन्यांत ते माझ्याशी काही बोलले नाहीत. मी चकतीमागे मान फिरवत होतो, टेनिस बघतात तसा. एक दिवस त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "पक बघू नकोस. पाच मिनिटं फक्त चव्वेचाळीस नंबर बघ."

चव्वेचाळीस नंबर म्हणजे मार्क-एडुआर व्लासिक. अमेरिकेत व्लासिक नावाची लोणच्याची एक प्रसिद्ध कंपनी आहे, त्यामुळे याला सगळे 'पिकल्स' म्हणायचे. म्हणजे आपल्याकडे बेडेकर आडनावाच्या फुलबॅकला 'लोणचं' म्हणावं तसं. २००५ साली दुसऱ्या फेरीत शार्क्सने त्याला निवडलं, तेव्हापासून तो इथेच. २०१४ साली सोची ऑलिंपिकला सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघात होता. आणि मी तोवर त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाहिलं तर काय दिसलं? समोरून फॉरवर्ड चकती घेऊन सुसाट येतोय. हा उलटा, पाठीमागे सरकत चाललाय. दोघांमध्ये अंतर बरोबर एका काठीचं. ते अंतर तो वाढू देत नाही, कमीही होऊ देत नाही. हळूहळू त्या माणसाला मधून कडेला ढकलत नेतो, अंगाला हातही न लावता. शेवटी कडेच्या फळीपाशी त्याची जागा संपते. मग तो वैतागून चकती कोपऱ्यात भिरकावतो आणि बाहेर जाऊन बसतो. व्लासिक चकती उचलतो, सोपा पास देतो, तोही बाहेर जातो.

आणि झालं काय? काहीच नाही. टाळ्या नाहीत. स्कोअरबोर्ड ढिम्म. कुठल्याच रकान्यात नोंद नाही. शॉट अडवला अशीही नाही, कारण शॉट मारायची वेळच आली नाही.

आजोबा म्हणाले, "बघितलंस? आता विसर. सगळेच विसरतात."

तर हा झाला डिफेन्समनचा मूळ प्रॉब्लेम. फॉरवर्डने काय केलं ते मोजता येतं. डिफेन्समनमुळे काय झालं नाही, ते कसं मोजणार?

*

२०२२-२३ चा मोसम सुरू होण्याआधीच शार्क्सचं घर हललेलं होतं. जुलै २०२२ मध्ये नवीन जनरल मॅनेजर माइक ग्रियर आले, नवीन कोच डेव्हिड क्विन आले, आणि ब्रेंट बर्न्स हा दाढीवाला दिग्गज डिफेन्समन कॅरोलिनाला गेला. मोसमाची सुरुवात ऑक्टोबरमध्ये थेट प्रागला, टोमाश हर्टलच्या गावी. नॅशव्हिलविरुद्ध दोन सामने, दोन्ही हरलो. तिथून जी घसरगुंडी लागली ती एप्रिलपर्यंत. ८२ सामन्यांत २२ विजय. घरच्या ४१ सामन्यांत फक्त ८! आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिकीट 'कोणाला हवंय?' वरून 'कोण घेतं बाबा?' वर आलं. बहुतेक वेळा मीच जायचो. त्यामुळे त्या मोसमात मी जितकी हॉकी पाहिली, तितकी आधी कधी पाहिली नव्हती.

आणि अशा मोसमात एक चमत्कार चालू होता. पासष्ट नंबर, एरिक कार्लसन.

स्वीडनचा हा गडी २०१८ साली ओटावाहून शार्क्सकडे आला. २०१९ मध्ये वर्षाला साडेअकरा दशलक्ष डॉलरचा आठ वर्षांचा करार झाला. नंतरची बरीच वर्षं दुखापतींत गेली आणि लोक त्या कराराच्या नावाने बोटं मोडायला लागले. मग २०२२-२३ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, गडी ८२ च्या ८२ सामने खेळला. २५ गोल, ७६ असिस्ट, एकूण १०१ गुण. डिफेन्समनने शंभरी गाठण्याची आधीची वेळ म्हणजे १९९१-९२ मधला ब्रायन लीच. एकतीस वर्षं कोणाला जमलं नव्हतं. बॉबी ऑर, पॉल कॉफी, डेनिस पॉटव्हिन, ॲल मॅकइनिस आणि लीच यांच्यानंतर हा सहावा.

पण त्याच ओळीत दोन रकाने पुढे आणखी एक आकडा होता: उणे सव्वीस.

हा प्लस-मायनसचा आकडा. दोन्हीकडे सारखे खेळाडू असताना गोल झाला की ज्यांनी केला त्यांच्या आतल्या प्रत्येकाला अधिक एक, ज्यांच्यावर झाला त्यांच्या आतल्या प्रत्येकाला उणे एक. कमी खेळाडू असलेल्या बाजूने गोल केला तरी तसंच. पॉवर प्लेमधले, म्हणजे समोरचा शिक्षा भोगायला बाहेर बसलेला असताना केलेले गोल मात्र धरत नाहीत. वर्षाअखेर बेरीज. १९७०-७१ मध्ये बॉबी ऑरची बेरीज अधिक १२४ होती. कार्लसनची उणे २६.

आजोबांचं मत ठरलेलं. "हा डिफेन्समन नाही. हा चौथा फॉरवर्ड आहे. उणे सव्वीस म्हणजे उणे सव्वीस." १९८४ मध्ये सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडक वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेला मिळाला होता. गुण किती, तर ३३. त्याच मोसमात पॉल कॉफीचे गुण होते १२६. "तेव्हा मत देणाऱ्यांना डोळे होते," असं आजोबांचं म्हणणं.

मी सॉफ्टवेअरवाला. आकडा दिसला की तो कुठून आला हे खणून काढल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून शीट उघडलं.

पहिली गोष्ट. प्लस-मायनसमध्ये गोलकीपर धरलेला असतो, पण त्याचं नाव लिहिलेलं नसतं. जेम्स राइमर आणि कापो काहकोनेन या आमच्या दोन्ही गोलकीपरांना तो मोसम वाईट गेला. संघाने तीनशेहून जास्त गोल खाल्ले. जो सामन्याला साडेपंचवीस मिनिटं आत असतो, त्याच्या डोक्यावर त्यातले जास्त येणारच.

दुसरी गोष्ट जास्त मजेदार. हरणारा संघ शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत गोलकीपरला बाहेर काढून सहावा खेळाडू आत घेतो, बरोबरी साधायला म्हणून. त्या वेळी कोणाला आत पाठवणार? जो गोल घडवू शकतो त्यालाच. म्हणजे कार्लसन. मागे जाळं मोकळं. चकती निसटली की समोरचा तिथूनच ढकलतो. गोल! आणि कार्लसनला उणे एक. मधल्या फळीतल्या डिफेन्समनला हा उणे एक मिळत नाही, कारण त्या क्षणी तो बाकावर बसून पाणी पीत असतो. संघ जितका जास्त हरणार, तितके असे प्रसंग जास्त. म्हणजे त्याच्यावर भरवसा टाकला जायचा, आणि त्याचीच शिक्षा त्याच्या खात्यात जमा व्हायची.

तिसरी गोष्ट, पॉवर प्लेमधले गुण १०१ मध्ये मोजले जातात, पण प्लसमध्ये नाहीत. म्हणजे तिथलं चांगलं काम एका रकान्यात दिसतं, दुसऱ्यात नाही.

मग लोकांनी दुसरं माप काढलं, कॉर्सी. गोल नाही, तर गोलाकडे मारलेले सगळे शॉट मोजायचे. लागलेले, चुकलेले, अडवलेले, सगळे. तुम्ही आत असताना आपल्या बाजूने किती आणि समोरून किती. बफलो संघाचे गोलकीपर-कोच जिम कॉर्सी यांचं नाव त्याला दिलं गेलं. माप काढणारा दुसराच, पण त्याला कॉर्सींचा मिशीवाला फोटो आवडला म्हणे. (आपल्या क्षेत्रातही नावं अशीच पडतात, हसू नये.) या मापात नशीब आणि गोलकीपर बरेचसे वगळले जातात. पण तिथेही जोडीदार कोण, समोर कोण, आणि कोचने तुम्हाला कुठे उभं केलं, हे उरतंच. ज्याला कोच कायम स्वतःच्या जाळ्यासमोर, समोरच्यांच्या सर्वोत्तम फळीविरुद्ध सोडतो, त्याचा कॉर्सी वाईटच दिसणार. काम वाईट म्हणून नाही, तर वाईट काम त्याच्याकडे दिलं म्हणून.

*

आता माझ्या शीटमधल्या ग्रेड.

कार्लसन: ए. खाली लिहिलंय, "चकती आपल्याकडे असेल तर बचाव करावाच लागत नाही. हा माणूस चकती बाहेर काढतो." संघाच्या प्रत्येक शंभर गोलांमागे चाळीसहून जास्त गोलांत त्याचं नाव होतं. पुढे जाऊन अडकायचा, परत यायला उशीर व्हायचा, हेही खरं. म्हणून ए प्लस नाही.

जेकब मेग्ना: बी प्लस. हे नाव कोणाला आठवत नसेल. कितीतरी वर्षं मायनर लीगमध्ये काढून तिशीच्या उंबरठ्यावर आला आणि त्याला चक्क कार्लसनचा जोडीदार केलं. त्याचं काम एकच: कार्लसन पुढे गेला की मागे थांबायचं. सर्कसमधला झुल्यावरचा हिरो कोण आणि खाली जाळी धरणारा कोण, तसं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला सिॲटलला देऊन टाकलं. मोबदल्यात ड्राफ्टमधली चौथ्या फेरीची एक निवड.

मारियो फेरारो: बी. अडतीस नंबर. उंचीने लहान, पण समोर कोणीही आला तरी अंग मध्ये घालणारा. बऱ्याच सामन्यांत त्याला आणि मॅट बेनिंगला समोरच्यांच्या मोठ्या खेळाडूंच्या तोंडी दिलं जायचं. माझी टीप: "याचे आकडे वाईट आहेत. याच्या जागी दुसरा असता तर ते किती वाईट असते, हा रकाना हवा."

बेनिंग: बी मायनस. चुका थोड्या, चमक थोडी. ज्याच्याविषयी आठवड्याने काही आठवत नाही. डिफेन्समनसाठी ही कधी कधी शाबासकीच असते.

आणि व्लासिक. वय पस्तीसच्या पुढे, तिसऱ्या जोडीत ढकललेला, वर्षाला सात दशलक्षाचा करार, जो त्याच्या उत्तम दिवसांच्या हिशेबाने २०१७ मध्ये झाला होता. आकडे सुमार. आता पायांत पूर्वीचा वेग नव्हता. तरण्या फॉरवर्डच्या वेगापुढे ते काठीभर अंतर राखता यायचं नाही. पूर्वी एका काठीचं होतं ते आता दोन काठ्यांचं. मी त्याला सी प्लस दिलं होतं. आणि मग खाली दीड पान. कुठल्या सामन्यात त्याने कुठे उभं राहून कोणता पास बंद केला. कुठे तो हरला आणि का हरला. वेग गेला तरी काठी अजून कशी बरोबर जागी असते. 'आकडा सी म्हणतो. डोळे बी मायनस म्हणतात. मध्ये सी प्लस देतो,' असं शेवटचं वाक्य.

दीड पान! ज्या माणसाला मी ओळखत नाही, जो मला ओळखत नाही, ज्याला माझ्या ग्रेडने शष्प फरक पडत नाही, त्याच्याबद्दल दीड पान.

*

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

२०२२-२३ चा तो हिवाळा इथे राहणाऱ्यांना शार्क्समुळे आठवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने अकरा हजार लोक कमी केले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने बारा हजार. आमची कंपनी त्यांच्यापुढे चिमुकली. पण मोठ्यांनी सुरू केलं की छोट्यांना हुरूप येतो. फेब्रुवारीत एका मंगळवारी मला सांगितलं गेलं, चौदा जणांतून दोन नावं, शुक्रवारपर्यंत.

एक नाव सोपं होतं. एक जण तसाही सोडणारच होता, पॅकेज घेऊन खुशीत गेला. दुसरं नाव दोघांपैकी एकाचं.

एक होता नवीन मुलगा. एमएस करून आलेला, नागपूरचा, हुशार, एच-१बी वर. नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर बॅगा भरायच्या. आणि त्या हिवाळ्यात कोण कोणाला घेत होतं?

दुसऱ्या होत्या बाई. नाव नको. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. घरी बायकोशी बोलताना मी त्यांचा उल्लेख 'बाई' असाच करायचो, शाळेतल्या बाईंसारखा. कारण त्या तशाच होत्या. त्यांचं स्वतःचं कोड फारसं नसायचं. त्या दुसऱ्यांचं कोड वाचायच्या. दर गुरुवारी रिलीजच्या आधी मीटिंगमध्ये सगळं झालं की त्या चष्मा काढून एकच प्रश्न विचारायच्या, "आणि हे परत मागे घ्यायचं झालं तर कसं घेणार?" पोरं वैतागायची. मीही वैतागायचो. मग कोणीतरी उठून मागे घ्यायची स्क्रिप्ट लिहायचं. ती वर्षातून एखाद्या वेळी लागायची.

माझ्यासमोर शीट होतं. बंद केलेली तिकिटं, कमिट, वगैरे. मी 'बंद केलेली तिकिटं' या रकान्यावर सॉर्ट मारला. बाई तळाला. मी त्यांचं नाव लिहिलं. 'कारण' या चौकटीत एक आकडा टाकला. दोन मिनिटांत काम झालं.

खरं सांगायचं तर मी आकड्यावरून ठरवलंच नव्हतं. ठरलं होतं आधीच. मुलाचे साठ दिवस डोळ्यासमोर होते. बाईंकडे ग्रीन कार्ड, घर फिटलेलं, 'त्यांचं निभेल' असं मीच परस्पर ठरवून टाकलं. हे कारण चौकटीत लिहिता येत नाही, लिहूही नये. आकडा लिहिता येतो. आकडा हातात असला की कोणाकडे बघावं लागत नाही. स्वतःकडेसुद्धा.

शुक्रवारी ते झालं. पाचएक मिनिटांची व्हिडिओ मीटिंग, एचआरच्या बाई वाचून दाखवत होत्या. आमच्या बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता विचारतील, हे परत मागे कसं घेणार. काही विचारलं नाही. 'थँक यू' म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी मॅचला गेलो. आम्ही हरलो.

पुढे काय झालं? सिनेमात असतं तसं काही झालं नाही. कंपनी बुडली नाही. एप्रिलमध्ये एका गुरुवारी डेटा हलवताना गडबड झाली. मागे घ्यायची स्क्रिप्ट नव्हती, कोणी विचारलंच नव्हतं. सहा जण दोन रात्री जागले, ग्राहकांपैकी फारसं कोणाला कळलंही नाही. नंतरच्या अहवालात 'मूळ कारण' म्हणून आम्ही लिहिलं, 'प्रोसेस गॅप'. मीच लिहिलं. आणि त्याच्या पुढच्याच रविवारी हे हॉकीचं शीट उघडून बसलो. फाइलची तारीखच सांगते.

म्हणजे ज्या माणसाने बाईंच्या बावीस वर्षांच्या अनुभवासमोर एक आकडा लिहिला, त्याने दोन महिन्यांनी एका अनोळखी डिफेन्समनला न्याय मिळावा म्हणून दीड पान खरडलं. कॉर्सी, जोडीदार, समोर कोण, कोचने कुठे उभं केलं, सगळं विचारात घेऊन. मला सगळं माहीत होतं हो! आकड्यात काय येतं, काय सुटतं, कोणाचं काम दिसतं, कोणाचं दिसत नाही. सगळं येत होतं. मंगळवार ते शुक्रवार या चार दिवसांत तेवढं आठवलं नाही.

*

जून २०२३ मध्ये नॉरिस करंडक कार्लसनलाच मिळाला, त्याचा तिसरा. आजोबांना मी मेसेज केला, त्यांनी एक अंगठा पाठवला, खाली वळलेला. ऑगस्टमध्ये कार्लसन पिट्सबर्गला गेला. तिथे २०२३-२४ मध्ये त्याचे गुण झाले ५६. तोच माणूस, तीच काठी. शेजारी वेगळे लोक, हातात वेगळं काम, आणि १०१ चे ५६. आकडा माणसाचा असतो असं आपण समजतो. तो माणसाचा आणि त्याच्या भोवतीच्या पाच जणांचा मिळून असतो.

व्लासिक मात्र राहिला. तेराशेहून जास्त सामने, सगळे शार्क्सकडून. २०२५ च्या उन्हाळ्यात कराराचं एक वर्ष शिल्लक असताना क्लबने पैसे देऊन तो संपवला. तेही बरोबरच असेल. पाय गेले होते. डोळ्यांनी पाहूनही कधी कधी उत्तर तेच येतं, हे मला कबूल आहे. फेब्रुवारीत मी आठवडाभर विचार केला असता, दोन पानं लिहिली असती, तरी कदाचित बाईंचंच नाव आलं असतं. तो मुलगा आज आमच्याकडे उत्तम काम करतोय, आणि त्याला ठेवल्याचं मला एक क्षणही वाईट वाटलेलं नाही. पण मग निदान ते नाव मी लिहिलं असतं, रकान्याने नाही.

बाई २०२४ च्या शरद ऋतूत एका रविवारी भाजीबाजारात भेटल्या. दुसरीकडे छान नोकरी करत होत्या. मी टोमॅटोच्या ढिगाआड लपायच्या बेतात होतो, पण त्यांनी पाहिलं. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनीच विचारलं, "मला एक सांग, तू तेव्हा कुठला आकडा पाहिलास?"

म्हटलं, "बंद केलेली तिकिटं."

त्या हसल्या. रागाने नाही, खरंच हसल्या. "अरे, पण ती उघडू नयेत म्हणूनच तर मी बसले होते ना तिथे." आणि मग टोमॅटो निवडायला लागल्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." ठीक आहे म्हणजे किती ठीक आहे, ते मी विचारलं नाही.

असो. साडेचार वाजले. अकरा फॉर्म आहेत. प्रत्येकात रेटिंगची एक चौकट आणि खाली 'टिप्पणी (ऐच्छिक)'. गेली दोन वर्षं मी आधी टिप्पणी लिहितो, रेटिंग नंतर. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: या माणसामुळे यंदा काय झालं नाही? काहींच्या बाबतीत उत्तर येत नाही, तेही कळतं. काहींच्या बाबतीत आठवायला अर्धा तास लागतो, जुने मेल काढावे लागतात, कोणाला तरी विचारावं लागतं. अकरा गुणिले अर्धा तास. म्हणजे उद्याचा रविवारही गेला.

बायको विचारतेय, चहा टाकू का. टाक म्हटलं. आणि रात्रीची मॅच मी रेडिओवर ऐकेन, बघायला बसलो तर हे व्हायचं नाही.